विसरण्याआधीचे मंदावणे

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया या आजाराची मराठी मनातली प्रतिमा बहुतांशी विस्मरणाची आहे. घराचा पत्ता, मुलीचे नाव, नुकतेच झालेले जेवण यांचा विसर पडलेला वृद्ध माणूस ही ती प्रतिमा असून, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित हे तिचे मराठीतील बहुधा सर्वांत प्रभावी रूप आहे. ही प्रतिमा खरी असली तरी ती मुख्यतः अल्झायमर या एका रोगाची आहे. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा डिमेन्शिया वेगळ्या वाटेने येतो. त्यात माणूस नातवंडांना ओळखतो, जुनी देणीघेणी बिनचूक सांगतो, पण सकाळी उठून अंघोळ करून कपडे बदलण्याइतके साधे कामही त्याच्याकडून सुरूच होत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर येते, पण फार उशिरा येते. आणि चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडू लागतात. विस्मरण ठळक नसल्यामुळे घरच्यांना हा आजार वाटतच नाही. आळस, हट्ट, म्हातारचळ, फार तर ‘मन लागत नाही’ अशी त्याची बोळवण होते आणि काही वर्षे तशीच निघून जातात.

पैठणसारख्या तालुक्याच्या गावी या आजाराचा स्वतंत्र विचार करण्यास कारण आहे. देशातील ६० वर्षांवरील लोकांच्या ‘लासी-डॅड’ या मोठ्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार या वयोगटातील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असावा, आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. खेड्यातली हवा मोकळी, माणसे कष्टाळू, तेव्हा तिथे मेंदूचे आजार कमी असणार, ही शहरी लोकांची जुनी समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासात देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह असल्याचे आढळले. बारीक रक्तवाहिन्या बिघडवणारी सर्वांत मोठी कारणे नेमकी हीच दोन आहेत, वाढत्या वयाखालोखाल.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण सातवा हिस्सा आणि एकूण प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. हे रक्त मानेतील चार मोठ्या धमन्यांतून वर जाते, मेंदूच्या तळाशी त्यांचे एक कडे तयार होते आणि तेथून निघालेल्या शाखा पृष्ठभागावर पसरतात. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरात चेतापेशींची गर्दी असते. त्याखाली असलेले पांढरे द्रव्य म्हणजे या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचे जुडगे असते. या खोल भागाला आणि मेंदूच्या मध्यभागी असलेल्या काही महत्त्वाच्या केंद्रांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या केसाच्या जाडीपासून फार तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या असतात. त्या मोठ्या धमनीतून काटकोनात फुटतात, सरळ आत शिरतात आणि वाटेत शेजारच्या धमनीला जवळपास कुठेच मिळत नाहीत. एखादी बंद पडली तर तिच्या वाट्याच्या भागाला रक्त मिळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

पैठणच्या वाचकाला ही रचना जायकवाडीवरून चटकन समजेल. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केलेल्या या धरणाचा डावा कालवा सुमारे २०८ किलोमीटर लांब आहे. धरणात पाणी भरपूर असतानाही टेलच्या शेतकऱ्यापर्यंत ते शेवटी पोचते, आणि कालव्याला गळती लागली किंवा गाळ साचला की पहिली झळ त्यालाच बसते. मेंदूच्या पोकळ्यांभोवतीचे पांढरे द्रव्य अशाच टेलला आहे. हृदय उत्तम चालत असेल, मानेच्या मोठ्या धमन्या मोकळ्या असतील, तरीही शेवटच्या वितरिकेत दोष असला तर तेथील तंतू उपाशी राहतात. म्हणून ‘हृदयाची तपासणी चांगली आली’ या वाक्याने मेंदूची हमी मिळत नाही.

हा दोष निर्माण होण्यास वीसतीस वर्षे लागतात. रक्ताचा दाब सतत चढा राहिला की बारीक धमनीच्या भिंतीतील स्नायूपेशी हळूहळू नष्ट होतात, त्यांच्या जागी ताठर तंतुमय द्रव्य साचते, भिंत जाड होते आणि आतला मार्ग अरुंद होतो. निरोगी धमनी दाब वाढला तर आकुंचन पावून व दाब घटला तर रुंदावून मेंदूला होणारा पुरवठा स्थिर ठेवते; ताठर झालेल्या धमनीची ही लवचीकता जाते. शिवाय रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत शिरू नयेत म्हणून असलेला भिंतीचा आतला अडसर सैल होऊन रक्तद्रव पाझरू लागतो, आणि भोवतालच्या तंतूंवरील मेदाचे आवरण झिजते. मधुमेह, तंबाखू आणि मूत्रपिंडाचे जुने विकार या प्रक्रियेला वेग देतात. बारीक वाहिन्यांचा आणखी एक विकार आहे, ज्यात ॲमिलॉइड नावाचे प्रथिन मेंदूच्या पृष्ठभागाजवळील वाहिन्यांच्या भिंतीत साचते आणि त्या फुटण्याची शक्यता वाढते. त्याचे नाते रक्तदाबापेक्षा वय आणि अल्झायमर यांच्याशी अधिक जवळचे आहे. नॉच-३ या जनुकातील दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा ‘काडासिल’ हा तिसरा प्रकार दुर्मीळ असून, घराण्यात तरुण वयात अर्धांगवायू आणि तीव्र अर्धशिशी असेल तरच डॉक्टर त्याचा विचार करतात.

जिवंत माणसाच्या मेंदूतील इतक्या बारीक वाहिन्या रोजच्या वापरातील यंत्रांना दिसत नाहीत. दिसते ते त्यांनी मागे ठेवलेले नुकसान. एमआरआयच्या चित्रात पांढऱ्या द्रव्यात उजळ ठिपके आणि पट्टे दिसतात. ३ ते १५ मिलिमीटर व्यासाची लहान पोकळी दिसते, जिला लॅक्यून म्हणतात आणि जी बंद पडलेल्या एका बारीक धमनीची खूण असते. आणि विशिष्ट पद्धतीने घेतलेल्या चित्रात सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके दिसतात. यांपैकी बहुतेक घाव घडतात तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही. अंगावरून वारे गेले नाही, तोंड वाकडे झाले नाही, वाचा बसली नाही, म्हणजे मेंदूला काही झाले नाही असे लोक धरून चालतात. परंतु नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, त्यात असे मूक घाव असलेल्या वृद्धांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. याची उलट बाजूही सांगायला हवी. साठी-सत्तरीतल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्ये थोडेफार उजळ ठिपके असतातच, आणि अहवालात ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ हे शब्द वाचून घाबरलेल्या कुटुंबाने हे ध्यानात घ्यावे की, सौम्य बदल म्हणजे डिमेन्शिया नव्हे. चित्र आणि माणसाचे वागणे यांचा मेळ बसला तरच निदान होते. मेंदूतल्यासारख्या बारीक वाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतील अशी शरीरातली जागा म्हणजे डोळ्याचा पडदा, आणि मधुमेह्याच्या डोळ्याची वार्षिक तपासणी करणारा नेत्रतज्ज्ञ एका अर्थी त्याच्या मेंदूचाही अंदाज घेत असतो.

घाव बारीक असूनही परिणाम एवढा मोठा का होतो, याचे उत्तर जागेत आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग योजना आखतो, कामाला सुरुवात करून देतो, चूक दिसली की थांबवतो. आणि हे सर्व तो मेंदूच्या खोल भागातील केंद्रांशी जोडणाऱ्या लांब तंतूंच्या साहाय्याने करतो. रोग हे जोडणारे तंतूच तोडतो. जी क्षमता जाते तिला मानसशास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात, आणि ती काय असते हे पैठणीच्या मागावर उत्तम दिसते. पदरावरचा पोपट विणताना कारागीर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताशी ठेवतो. ताण्याचे ठरावीक धागे मोजून तेवढ्यांतूनच हिरवा धागा काढतो, तो शेजारच्या लाल धाग्यात अडकवतो, मग जर, मग पुन्हा पार्श्वभूमीचा रंग, आणि ओळ पूर्ण झाली की फणीने ठोकून बसवतो. पुढच्या ओळीत मोजणी बदललेली असते, चोचीजवळ एक धागा कमी, पंखाजवळ दोन अधिक. हातांना सवय असली तरी पुढच्या चार ओळींचा आराखडा मनात धरणे, एका रंगावरून दुसऱ्यावर वेळेवर जाणे आणि मोजणी चुकल्याचे लक्षात येताच मागे येणे हे सवयीवर होत नाही. पांढऱ्या द्रव्याला इजा झालेल्या माणसाला यातली प्रत्येक कृती सुटी सुटी येत असते, विचारल्यास तो ती नीट समजावूनही सांगतो. पण त्या कृतींची माळ त्याच्याकडून ओवली जात नाही. घरातल्या बाईच्या बाबतीत हेच स्वयंपाकात दिसते. भाकरी थापता येते, भाजीला फोडणी देता येते, परंतु दोन्ही चुलींवर एकाच वेळी लक्ष ठेवून सर्वांचे जेवण वेळेवर तयार करणे जमत नाही, आणि सून म्हणते की सासूबाईंनी आता अंगच काढून घेतले.

या मंदपणाच्या जोडीला काही लक्षणे अशी येतात की कोणालाही त्यांचा बुद्धीशी संबंध लावावासा वाटत नाही. पावले आखूड व घासत पडतात, वळताना तोल जातो, पण हातांची हालचाल बऱ्यापैकी ठीक असते. हे पार्किन्सनसारखे दिसते, मात्र पार्किन्सनच्या औषधांना फारसा प्रतिसाद देत नाही. लघवीची घाई होते आणि मोरीपर्यंत पोचेतो कपडे ओले होतात, ज्याचा दोष पुरुषांत प्रोस्टेटला व स्त्रियांत वयाला दिला जातो. क्षुल्लक कारणाने, टीव्हीवरचा एखादा प्रसंग पाहून, डोळ्यांतून घळाघळा पाणी येते आणि मनात दुःख नसतानाही रडू थांबत नाही, कारण भावना व्यक्त करण्यावरचा मेंदूचा लगाम सैल झालेला असतो. आणि सर्वांत चकवा देणारे लक्षण म्हणजे उत्साहाचा लोप: माणूस दुःखी नसतो, तक्रार करीत नाही, फक्त स्वतःहून काहीच करीत नाही. ज्या काकांनी नाथषष्ठीला दिंड्या गावात शिरताना पाहण्याचे एकही वर्ष चुकवले नाही, ते टाळमृदंग ऐकू येत असतानाही ओट्यावर बसून राहतात, आणि कोणी हात धरून नेले तर आनंदाने जातात. नेल्यावर जाणे आणि स्वतःहून न निघणे ही जोडी ओळखता आली तर निदानाचे अर्धे काम झाले.

अल्झायमरमध्ये नवी माहिती मेंदूत साठवणारा भागच आधी खराब होतो, म्हणून आठवण करून दिली तरी उपयोग होत नाही. ‘काल मंगल आली होती ना’ असे म्हटल्यावर रुग्ण ठामपणे नाही म्हणतो. बारीक वाहिन्यांच्या डिमेन्शियात माहिती साठवलेली असते, ती शोधून बाहेर काढणे जड जाते, आणि धागा हाती दिला की ‘हो, आली होती, पेरू घेऊन’ असे उत्तर येते. प्रत्यक्षात हे दोन रोग अनेकदा एकाच मेंदूत नांदतात. अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींच्या एका संघाने मृत्यूनंतर मेंदूदान करण्याचे मान्य केल्यामुळे शक्य झालेल्या ‘नन स्टडी’ या अभ्यासाने १९९७ साली दाखवले की, मेंदूत अल्झायमरच्या खुणा असलेल्या ज्या जोगिणींना खोल भागात लहान घावही झाले होते, त्यांच्यात जिवंतपणी डिमेन्शिया प्रकट झाल्याचे प्रमाण घाव नसलेल्यांच्या तुलनेत कितीतरी अधिक होते. अल्झायमरची प्रक्रिया रोखणे आज कठीण असले तरी दुसरा घाव टाळणे बऱ्याच अंशी हाती आहे, या अभ्यासातून निघणारा हा अर्थ आशेचा आहे आणि त्याचा पुरेसा गाजावाजा झालेला नाही.

वैद्यकाने या विषयात बरेच हेलकावे खाल्ले. जर्मनीतील ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ साली पांढऱ्या द्रव्याच्या झिजेतून होणाऱ्या बुद्धिऱ्हासाचे वर्णन केले. त्याला बिन्सवांगर यांचे नाव दिले ते खुद्द अलॉइस अल्झायमर यांनी, म्हणजे स्वतःच्या नावाचा रोग प्रसिद्ध होण्यापूर्वी ते रक्तवाहिन्यांच्या रोगावरच काम करीत होते. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ म्हातारपणातील सर्वच बुद्धिऱ्हास ‘धमन्या कडक झाल्या’ या एका कारणावर ढकलला गेला. १९६०नंतर ब्रिटनमधील शवविच्छेदनांनी त्यातील मोठा वाटा अल्झायमरचा असल्याचे दाखवले आणि लंबक दुसऱ्या टोकाला जाऊन रक्तवाहिन्या मागे पडल्या. याच काळात, १९६५ साली, बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या मिलर फिशर या कॅनेडियन डॉक्टरांनी शेकडो मेंदूंचे बारीक काप तपासून लॅक्यून आणि उच्च रक्तदाब यांचे नाते दाखवून दिले. लॅक्यून सापडलेले त्यांचे जवळपास सर्वच रुग्ण रक्तदाबाचे होते. सीटी व एमआरआय आल्यावर जिवंत माणसातच हे घाव दिसू लागले, तेव्हा विषय पुन्हा वर आला.

पैठण तालुक्यात, आडूळ, पाचोड किंवा विहामांडव्याच्या एखाद्या कुटुंबाला निदानासाठी बहुधा पन्नासेक किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि त्यातही १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्याला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, तेच बहुतेकांना परवडते. पण निदानाचा पहिला टप्पा यंत्राशिवाय होतो. कधीपासून, कशाने सुरुवात झाली, हळूहळू उतरत गेले की पायऱ्यांसारखे एकेक उतरले, चालणे आधी बिघडले की आठवण, हे घरच्या माणसाने नीट सांगितले तर डॉक्टरांना दिशा मिळते. मग एका मिनिटात जितकी येतील तितकी भाज्यांची नावे सांगायला लावणे, आठवड्याचे वार उलटे म्हणवून घेणे अशा चाचण्या होतात. उत्तर चुकले की नाही याइतकेच, त्याला किती वेळ लागला हेही त्यांत पाहिले जाते. पाश्चात्त्य चाचण्यांत घड्याळाचे चित्र काढणे, शंभरातून सात सात वजा करणे असले प्रश्न असतात, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीची त्यांत विनाकारण नापासात गणना होते. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत झालेल्या अभ्यासासाठी निरक्षर वृद्धांना झेपेल अशी हिंदी चाचणी मुद्दाम रचली गेली ती याच कारणाने. बाजाराचा हिशेब, सणांचा क्रम, नात्यांची ओळख यांवर बुद्धीची चाचणी घेता येते; फक्त ती घेणाऱ्याला गावाची भाषा यायला हवी.

डिमेन्शियाचा शिक्का मारण्यापूर्वी बरे होणारे आजार वगळणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी कुटुंबांत सर्रास आढळते, थायरॉइड मंदावल्याने माणूसही मंदावतो, आणि पडल्यानंतर काही आठवड्यांनी कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त अशीच लक्षणे देते, जे शस्त्रक्रियेने काढता येते. डोक्यातील पाण्याचा निचरा न झाल्याने होणाऱ्या एका विकारात तर चाल, लघवी आणि बुद्धी या तिन्हींचा बिघाड हुबेहूब असाच असतो. नैराश्यही वगळावे लागते, पण ते दोन्ही बाजूंनी: नैराश्य डिमेन्शियासारखे दिसू शकते आणि बारीक वाहिन्यांचा रोग स्वतःच नैराश्य निर्माण करू शकतो.

एकदा मेलेले तंतू परत आणणारे औषध आज नाही. अल्झायमरसाठी वापरली जाणारी डोनेपेझिलसारखी औषधे इथे थोडाच फरक करतात, आणि ॲमिलॉइड काढून टाकणारी जी महागडी नवी इंजेक्शने अलीकडे वृत्तपत्रांत गाजली ती या रोगासाठी नाहीतच. उलट मेंदूत सूक्ष्म रक्तस्राव असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकतात. रक्त पातळ करण्याच्या दोन गोळ्या दीर्घकाळ एकत्र घेतल्याने लॅक्यूनच्या रुग्णांचे भले होते का, हे तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगात फायदा तर दिसला नाहीच, रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले. शेजाऱ्याच्या अनुभवावरून दुकानातून ॲस्पिरिन आणून सुरू करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

सिद्ध झालेला उपाय जुना, स्वस्त आणि कंटाळवाणा आहे: मध्यमवयात रक्तदाब ताब्यात ठेवणे. अमेरिकेतील ‘स्प्रिंट-माइंड’ या अभ्यासात पन्नाशीपुढील ९,३६१ लोकांची विभागणी करून एका गटात वरचा दाब १२०च्या खाली आणि दुसऱ्यात १४०च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य धरले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण सुमारे एक पंचमांशाने कमी आढळली, आणि एमआरआयवरचे पांढरे डागही कमी वाढले. डिमेन्शियातील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी स्पष्ट नव्हती. पैठणच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा प्रयोग चीनच्या ग्रामीण भागात झाला. त्यात ३२६ गावांतील सुमारे ३४ हजार लोक होते, आणि निम्म्या गावांत रक्तदाबाचे उपचार मोठ्या डॉक्टरांऐवजी गावपातळीवर काम करणाऱ्या, मर्यादित प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेवकांच्या हाती ठरावीक पद्धतीनुसार देण्यात आले. चार वर्षांत या गावांत डिमेन्शिया उरलेल्या गावांच्या तुलनेत १५ टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले. मज्जाविकारतज्ज्ञ, एमआरआय किंवा महागडे औषध यांपैकी काहीही न वापरता हे घडले.

असे करण्याची यंत्रणा महाराष्ट्रात कागदावर उभी आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासणे अपेक्षित आहे, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आशा घरोघर जाते. २०१७ साली पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्यापासून होता. या उपक्रमाचा मोठा गुण हा की, किती लोकांची नोंदणी झाली यापेक्षा नोंदवलेल्यांपैकी किती जणांचा दाब खरोखर १४०/९०च्या खाली आला हे त्यात मोजले जाते. शिबिरात हजार लोकांचा बीपी मोजून फोटो काढणे सोपे असते. तीन महिन्यांनी त्यांच्यातील किती जण गोळी घेत आहेत हा प्रश्न अवघड आहे, आणि मेंदूचे भवितव्य त्या दुसऱ्या प्रश्नावर ठरते. रक्तदाबाला दुखणे नसते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असा व्यवहारी हिशेब शेतकरी करतो. किंवा महिनाभर गोळी घेऊन दाब नॉर्मल आल्यावर ‘बीपी बरा झाला’ म्हणून थांबवतो, खरे तर तो नॉर्मल आलेला असतो गोळीमुळेच. त्यात ठेचा, लोणचे, पापड यांतून पोटात जाणारे मीठ जागतिक आरोग्य संघटनेच्या रोजच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेपुढे सहज जाते, आणि राज्यातील प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा तंबाखू, मिश्री किंवा गुटखा तोंडात ठेवतो.

आजार जडलेल्या घरात औषधापेक्षा दिनक्रमाचा उपयोग अधिक होतो. उत्साह मेलेल्या माणसाला ‘उठा, काहीतरी करा’ म्हणणे व्यर्थ असते. टॉवेल हातात देऊन मोरीपर्यंत सोबत गेले तर पुढचे तो स्वतः करतो. एका वेळी एकच सूचना द्यावी, उत्तरासाठी थांबावे, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा, भिंतीला आधाराचा दांडा आणि रोजचे थोडे चालणे यांनी पडणे टळते, आणि या वयात पडणे म्हणजे मांडीच्या हाडाचा प्रश्न. गिळताना ठसका लागू लागला तर ताटातले पातळ पदार्थ आधी सांभाळावेत. जमिनीच्या कागदांचा विषय नाजूक असला तरी टाळता येत नाही: निर्णयशक्ती मंदावलेला माणूस बोलण्यात शहाणा वाटतो, आणि बक्षीसपत्रावर किंवा खरेदीखतावर अंगठा उमटवताना त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात येत नाही. सांभाळ करण्याच्या लेखी अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकते; म्हणून वाटण्या करायच्याच असतील तर माणूस शहाणासुरता असताना, साक्षीदारांसमोर आणि अटी लिहूनच कराव्यात. ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हा केंद्र सरकारचा दूरध्वनी आहे, आणि सांभाळणारी सून किंवा मुलगी स्वतः खचली असेल तर १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर तिला बोलता येते.

उपचारातील एक विरोधाभास डॉक्टर आणि कुटुंब दोघांनीही ध्यानात ठेवावा लागतो. पन्नाशीत दाब खाली आणणे मेंदूला वाचवते, पण ऐंशीच्या घरात पोचलेल्या, आधीच डिमेन्शिया झालेल्या आणि अशक्त माणसाच्या ताठर धमन्यांना एकाएकी कमी झालेला दाब सोसत नाही. म्हणून अशा रुग्णाचा बीपी बसून आणि नंतर एकदोन मिनिटे उभे करून असा दोनदा मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा अधिकने घसरत असेल, अंथरुणातून उठताना घेरी येत असेल, तर गोळ्यांची मात्रा कमी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे, मनाने बंद करू नये. आणि ज्याची कार्यकारी क्षमताच गेली आहे त्याच्यावर सकाळ-संध्याकाळच्या चार वेगवेगळ्या गोळ्यांची जबाबदारी सोपवणे निरर्थक आहे. वारांचे खाने असलेली डबी शहरातल्या औषधांच्या दुकानांत सहज मिळते, ती दर रविवारी घरातील एकाच ठरलेल्या व्यक्तीने भरावी, आणि गोळी गिळताना त्या व्यक्तीने समोर असावे.